पटकीचा माग: यात्रेकरूपासून पाण्यापर्यंत

१८१७ मध्ये बंगालच्या जेसोर भागात उसळलेली पटकी, म्हणजे कॉलरा, फौजा आणि वाटसरूंबरोबर पुढच्याच वर्षी मुंबईपर्यंत पोहोचली. गावोगावी तिला मरीआईचा कोप मानले जाई आणि देवीचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडला जाई. सरकारचा विचार निराळा होता, तरी त्याचाही रोख पाण्यापेक्षा माणसावर अधिक राहिला. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने भारतातील यात्रांकडे बोट दाखवले, आणि १८६७ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यातून परतणाऱ्यांबरोबर साथ पसरल्यावर तो समज दृढ झाला. नाशिक-त्र्यंबकेश्वरसारख्या सिंहस्थाच्या क्षेत्रांनाही अशा संशयाची झळ लागणे अटळ होते.

वास्तविक १८५४ मध्येच जॉन स्नो यांनी लंडनमधील साथीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडला होता, आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात रोगजंतू वेगळा केला. तरीही रुग्ण दगावतो कसा, हे उलगडायला १९५९ उजाडले. त्या वर्षी शंभूनाथ डे यांनी कोलकात्यातच दाखवून दिले की जंतूचे विष आतड्यातून पाणी झरायला लावते. त्यामुळे गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे हाच उपचाराचा गाभा ठरतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज घरोघरी ठाऊक असलेल्या जलसंजीवनीच्या इतिहासातील हा प्रसंग माझ्या मते लसीच्या शोधाइतकाच मोलाचा आहे.

तोंडावाटे घ्यायच्या लसीचा जागतिक साठा २०१३ मध्ये उभा राहिला. तिचे संरक्षण काही वर्षांपुरतेच असते. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत राहिले तर जंतूची वाट मोकळीच राहते.

म्हणूनच नाशिक जिल्ह्यात लक्ष केवळ रामकुंडावर ठेवून भागणार नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पाऊस भरपूर पडूनही उन्हाळ्यात अनेक पाड्यांना तळाशी गेलेल्या विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी भरावे लागते, आणि पहिल्या पावसात उघड्यावरची घाण वाहत त्याच पाण्यात उतरते. अशा ठिकाणी पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर व योग्य मात्रेत पडणे, पाण्यातले क्लोरीन रंगावरून तपासणाऱ्या ओटी चाचणीत ते उरलेले दिसणे आणि जुलाबाचा पहिला रुग्ण त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवला जाणे, यांवर पुढची साथ थांबते की पसरते हे ठरते.