सेवाकराचा आकडा आणि पर्लचा स्थिरांक

मे २०१५ पर्यंत सेवाकर १२.३६ टक्के होता. १ जूनपासून तो १४ झाला, १५ नोव्हेंबरला स्वच्छ भारत उपकर जोडला जाऊन १४.५, आणि पुढच्या जूनमध्ये कृषी कल्याण उपकरासह १५. त्या दिवसांत मी एका कंपनीचा बिलं काढणारा, पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला प्रोग्रॅम सांभाळत होते. नोव्हेंबरअखेर एक बिल परत आलं. दहा हजारांच्या कामावर बिलात कर १,४५० रुपये, सोबतच्या पावतीत १,४००.

दर सात-आठ फायलींत सुटासुटा लिहिलेला होता, तोही वेगवेगळ्या रूपांत. कुठे १४, कुठे ०.१४, कुठे थेट १.१४ ने गुणलेलं, आणि एके ठिकाणी करासहित रकमेतून मूळ रक्कम काढायला ११४ ने भागलेलं. नुसतं १४ शोधावं तर तारखा आणि रकान्यांच्या रुंद्याही हाती लागायच्या. पावतीची फाइल त्या गर्दीत सुटली होती.

अशा आकड्याला एक नाव द्यावं आणि ते एकाच फाइलमध्ये राहावं. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेल्या पर्लमध्ये आज हे ‘यूज कॉन्स्टंट’ या ओळीने होतं. आत काय घडतं ते मला फार आवडतं. असा स्थिरांक म्हणजे खरं तर एक फंक्शन, नावाने बोलावलं की उत्तर देणारा प्रोग्रॅमचा तुकडा, असतं: काहीही न घेणारं, दर वेळी तेच उत्तर देणारं. उत्तर ठरलेलंच असल्यामुळे पर्ल प्रोग्रॅम वाचतानाच नावाच्या जागी आकडा बसवून टाकतं. नाव वापरलं म्हणून वेग कमी होत नाही.

फंक्शन असल्यामुळे ते ज्या पॅकेजमध्ये, म्हणजे नावांच्या ज्या कप्प्यात, लिहिलं त्याच पॅकेजचं राहतं. म्हणून स्थिरांकांचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे इतरांना मागवता येईल अशी फाइल, करायची, पर्लसोबत येणाऱ्या एक्स्पोर्टर या मॉड्यूलच्या मदतीने बाहेर द्यायच्या नावांची यादी जाहीर करायची, आणि बाकीच्या फायलींनी ‘यूज’ करून हवी ती नावं मागायची. कितीही जणांनी मागितलं तरी फाइल एकदाच वाचली जाते, कारण वाचलेल्या फायलींची नोंद पर्ल ठेवतं.

हीच नोंद कधी अडचणीत आणते. स्थिरांकांच्या फाइलने दुसरी फाइल मागवली आणि तिने उलट स्थिरांक मागितले, तर पहिली फाइल ‘वाचलेली’ म्हणून नोंदलेली असते, पण अजून अर्धीच वाचून झालेली असते. दुसरीच्या हाती काही लागत नाही आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही. म्हणून स्थिरांकांच्या फाइलने आपली दुसरी कुठलीही फाइल मागवू नये, हा नियम मी कडक पाळते. दुसरा चकवा हॅशचा, म्हणजे नावावरून किंमत शोधायच्या यादीचा: तिच्या महिरपी कंसात नुसतं नाव लिहिलं तर पर्ल ते साधं अक्षरी नाव समजतं. नावापुढे रिकामे गोल कंस दिले की आकडा मिळतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आमच्या सेवेला १८ टक्के लागू झाला, आणि मी एकच ओळ बदलली. आठवड्याभरात कुणीतरी मार्चचं बिल पुन्हा छापायला मागितलं, आणि त्यावर १८ टक्के आले! तेव्हा कळलं की दर हा स्थिरांक नव्हताच. स्थिर होती ती तारीख आणि दराची जोडी. आता त्या फाइलमध्ये पाच तारखा आणि पाच दर आहेत. तो तक्ता बाहेर दिलेला नाही, कारण स्थिरांकात तक्त्याचा संदर्भ, म्हणजे तक्ता कुठे आहे ते दाखवणारी खूण, ठेवला तर संदर्भ पक्का राहतो, पण आतले आकडे कुठलीही फाइल बदलू शकते. बाहेर जातं ते फक्त एक फंक्शन. त्याला बिलाची तारीख द्यायची, दर ते सांगतं.