हातचा येईपर्यंत

१२३४५६५४३२१. वाचायची झाली तर बाराशे चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. डावीकडून वाचा की उजवीकडून, आकडे त्याच क्रमाने येतात. 'चिमा काय कामाची'मध्ये जे अक्षरांचं, तेच इथे अंकांचं. अशा संख्येला पॅलिंड्रोम म्हणतात.

ही संख्या नवव्या शतकातल्या एका ग्रंथात आहे. महावीराचार्य हे जैन गणिती राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेले. हे राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं सहसा मानलं जातं. वेरूळचं कैलास लेणंही याच घराण्याचं. ते पाहायला झुंबड उडते. महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' मात्र मराठवाड्यात कितीजणांनी ऐकलाय, देव जाणे!

त्यात गुणाकाराची काही उदाहरणं मुद्दाम अशी निवडली आहेत, की उत्तर गळ्यातल्या हारासारखं दोन्हीकडून सारखं दिसावं. त्यातलंच एक म्हणजे २७९९४६८१ × ४४१. उत्तर आपली वरचीच संख्या. आता ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आणि २१ × ५२९१ = १११११１, बरोबर सहा एक. म्हणजे हा सगळा थाट सहा एकांच्या वर्गाचा.

तो वर्ग वहीवर मांडून बघा. सहा एकांची एक ओळ, तिच्याखाली एक घर डावीकडे सरकवून तशीच दुसरी, अशा सहा ओळी. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ पडतो, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या घरात सहा, आणि तिथून उतरण. बेरीज करायची म्हणजे नुसते एक मोजायचे. लातूर पॅटर्नमधली पोरं उत्तर पाठही करतील, पण खरी गंमत या मांडणीत आहे. अंकांची बेरीज ३६ का येते, तेही इथेच कळतं: सहा ओळींत सहा-सहा एक.

नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१, अंकांची बेरीज ८१. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं.

दहा एक घेतले की मात्र मधल्या घरात १० येतात. शून्य खाली, हातचा एक. तो शेजारच्या ९ मध्ये मिळवला की तिथेही १०, पुन्हा हातचा. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१, आणि पॅलिंड्रोम मोडतो. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, येते ८२. दर हातच्याला एका घरातले दहा जातात आणि शेजारी एकच वाढतो, म्हणजे ९ चा तोटा. इथे हातचे दोन, म्हणून १८ कमी.