गृहवस्तु-कोलाज (स्त्रीवादी)

गृहवस्तु-कोलाज, स्त्रीवादी : घरात वापरून जुन्या झालेल्या, माळ्यावर टाकलेल्या किंवा पेटीत जपलेल्या वस्तू जोडून बाईच्या जगण्याविषयी केलेली कलाकृती. लुगड्याचा तुकडा, गडवा (तांब्या), फुटक्या बांगड्या, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, काहीही त्यात येते. वस्तूचे चित्र काढायचे नाही, खुद्द वस्तूच लावायची, हे तिचे मुख्य लक्षण. नागपूर जिल्ह्यातल्या बेला गावी १९३३ मध्ये जन्मलेल्या बी. प्रभा यांनी कष्टकरी बायका तैलरंगांत रंगवल्या. इथे त्या बाईच्या डोक्यावरचे टोपलेच समोर येते.

आधुनिक कलेत कोलाजची सुरुवात १९१२ पासून, पिकासो व ब्राक यांच्यापासून सांगतात. त्याला मिरियम शपिरो (१९२३–२०१५) व मेलिसा मेयर या अमेरिकन चित्रकर्त्यांनी ‘हेरेसीज’ या न्यूयॉर्कच्या स्त्रीवादी नियतकालिकाच्या १९७७-७८ च्या हिवाळी अंकात हरकत घेतली. चिंध्या साठवणे, कातरणे, जोडणे हे बायका कितीतरी आधीपासून करत होत्या, फक्त त्याला कोणी कला म्हटले नाही, असे त्यांचे म्हणणे. अशा कामाला त्यांनी ‘फेमाज’ हे नाव दिले आणि ते ओळखण्याच्या १४ कसोट्या मांडल्या. निम्म्या लागू झाल्या तरी पुरे. भारतात शीला गौडा यांनी शेण, सुया, दोरा आणि कुंकू यांतून १९९० च्या दशकापासून मोठ्या मांडणी-कलाकृती उभ्या केल्या.

शपिरो यांनी १९७२ मध्ये शेरी ब्रोडी यांच्यासोबत एक बाहुलीघर केले. अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या बायकांच्या आठवणीच्या लहानसहान वस्तू आणि कापडाचे तुकडे त्यात बसवलेले आहेत. विदर्भातल्या वाचकाला हे घर परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे रुखवत आहे. सुपारीचे भटजी, मण्यांचे तोरण, लोकरीचे पोपट, आगकाड्यांचे घर : सासरच्या संसाराचे लहान रूप मुलगी स्वतःच्या हातांनी करून नेते. मांडवात त्याचे कौतुक होते, नंतर ते कपाटावर धूळ खाते. रुखवत ही आपल्या बायकांची जुळवणीची कला आहे आणि तिची जागा हस्तकलेच्या कप्प्याबाहेर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. फरक एवढाच, की शपिरो यांच्या बाहुलीघरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुरुष आत डोकावताना दिसतात. रुखवतातल्या घरात भीतीला जागा नसते. ती जागा जिथे केली जाते, तिथे रुखवताचे स्त्रीवादी कोलाज होते.

दुसरा धागा कापडाचा. दोन विरलेल्या लुगड्यांचे धड भाग जोडून एक लुगडे करायचे, त्याला दांड घालणे म्हणतात. दांडाचे लुगडेही फाटले की गोधडी, गोधडी झिजली की पोतेरे. पऱ्हाटीच्या शेतात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावरचे कापड असे चार जन्म घेते. गोधडीतला प्रत्येक तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे घरातल्या म्हातारीला विचारले तर ती बोट ठेवून सांगते. कोलाज करणारीने हे ऐकून टिपून घ्यावे. नुसते कापड उचलून नेले तर अर्धे काम मागेच राहते.

पितळेच्या भांड्यांवर कोरलेली नावे हे तर आयते मिळालेले लिखाण. लग्नात आलेल्या गुंडावर (पाण्याच्या भांड्यावर), कोपरावर (परातीसारख्या पसरट भांड्यावर) देणाऱ्याचे किंवा नवऱ्याचे नाव असते. ते भांडे चाळीस वर्षे घासणारीचे नाव सहसा नसते. उखाण्यातही नाव तिने घ्यायचे ते नवऱ्याचेच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डासाठी घरातली सर्वांत मोठी प्रौढ स्त्री कुटुंबप्रमुख धरली. जुने कार्ड, नवे कार्ड आणि मधोमध कोरलेला गुंड, एवढ्यावरही एक चौकट उभी राहते.

मात्र पितळ सगळ्यांकडे नव्हते. भूमिहीन घरात जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी, मातीची मडकी, खताच्या रिकाम्या पोत्यांचे शिवलेले अंथरूण. जे थोडे पितळ होते तेही नापिकीच्या साली मोडीत गेले. केवळ शोभिवंत जुन्या वस्तूंचे कोलाज म्हणजे वाड्यातल्या बाईचेच कोलाज. वस्तूचा अर्थही घरागणिक बदलतो. एका घरात पांढरे लुगडे वैधव्याचे असते; शेजारी मिटून ठेवलेला कुंकवाचा करंडा आणि फणी असते. दुसऱ्या घरात तसेच पांढरे लुगडे १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे असते आणि सणाच्या वस्त्रासारखे जपलेले असते. त्याआधी १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरातच अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती. हा इतिहास माहीत नसेल, तर दोन्ही लुगडी एकाच दुःखात शिवली जातात.

जोडकामात डिंकापेक्षा दोरा आणि तार भरवशाची. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा गरम करून लावायचा गोंद मऊ पडून वस्तू सुटतात. कापड जाड मांजरपाटावर धावदोऱ्याने टाचावे, भांडी तांब्याच्या तारेने फळीला बांधावी. कसर लागू नये म्हणून मागे वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवतात आणि पावसाळा सरला की बदलतात. पितळ चिंचेने उजळू नये : पऱ्हाट्यांच्या जाळाने धरलेली काजळी आणि घासून पातळ झालेला बूड हाच त्यातला मजकूर.

वस्तू मागून घ्यावी, कोणाची ते विचारावे. नामपट्टीवर ‘जुने भांडे’ न लिहिता घरात म्हणतात ते नाव लिहावे, गंज (पातेले) तर गंज, गडवा तर गडवा, आणि पुढे, तिची परवानगी असेल तर, वापरणारीचे नाव. माहेरचे लिहायचे की सासरचे, हे तिने सांगावे.