एसएसडी कॅश : घरगुती मिरर पूलमधील वापर

अनेक हार्ड डिस्क जोडून केलेला एकच साठा म्हणजे पूल. त्यातील प्रत्येक फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली की तो मिरर पूल होतो. अशा पूलच्या पुढे वेगासाठी लावलेल्या एक-दोन एसएसडींना, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती ठेवणाऱ्या वेगवान डिस्कना, कॅश म्हणतात. कोल्हापुरात ही रचना उपयोगी पडते ती लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणाऱ्यांना, उद्यमनगर या औद्योगिक भागातील ड्रॉइंग आणि डिझाइन सांभाळणाऱ्यांना आणि घरातली वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका जागी ठेवू पाहणाऱ्यांना.

घरगुती वापरात ही कल्पना रुळवण्यात 2007 च्या विंडोज होम सर्व्हरचा मोठा वाटा आहे. त्यातील ड्राइव्ह एक्स्टेंडर लहान-मोठ्या डिस्क एकत्र करी आणि हव्या त्या फोल्डरच्या दोन प्रती ठेवी. 2011 च्या आवृत्तीतून ते काढले गेले आणि त्याची जागा ड्राइव्हपूलसारख्या सॉफ्टवेअरनी घेतली. विंडोज 8 पासून अशीच सोय देणारे स्टोरेज स्पेसेस आले. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, एसएसडी कॅशची सोय देणारे डीएम-कॅश आणि बीकॅश हे दोन्ही 2013 मध्ये आले.

दोन प्रतींमुळे जागा निम्मी होते. 4, 4 आणि 8 टीबीच्या तीन डिस्क घेतल्या तर वापरायला 8 टीबी मिळतात. वेगाची अडचण मात्र डिस्कच्या घडणीतच आहे. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्कला हवा तो भाग माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4.17 मिलिसेकंद, थांबावे लागते. डोके सरकायला लागणारा वेळ वेगळाच. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली मागितल्या तर सेकंदाला शंभरेक मागण्यांच्या आसपास ती दमते. साध्या साटा एसएसडीला अशा हजारो मागण्या सहज झेपतात. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल, तर तीच हार्ड डिस्क सेकंदाला 150 ते 250 एमबी देते. म्हणून सलग चालणाऱ्या चित्रपटाला कॅशचा उपयोग जवळजवळ नसतो. हजारो लघुचित्रे भराभर दाखवणाऱ्या फोटो कॅटलॉगला तो लगेच जाणवतो.

कॅशचे काम दोन तऱ्हांचे असते. वाचन-कॅशमध्ये वारंवार लागणाऱ्या माहितीची जादा प्रत एसएसडीवर असते. मूळ माहिती डिस्कवर दोन ठिकाणी असतेच, त्यामुळे एसएसडी गेली तरी फक्त वेग जातो. लेखन-कॅशमध्ये नवी माहिती आधी एसएसडीवर उतरते आणि सवडीने डिस्कवर जाते. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आवारात ऊस एकदम येऊन पडतो, गाळप मात्र गव्हाणीच्या वेगानेच होते. आवार भरले की बाहेर रांग लागते. एसएसडी भरल्यावर लेखनाचा वेग पुन्हा डिस्कवर येतो तो असाच.

लेखन-कॅशमधला खरा धोका हा, की डिस्कवर पोहोचेपर्यंत माहितीची दुसरी प्रत झालेलीच नसते. लग्नाचे शूटिंग आटोपून रात्री उशिरा कार्ड रिकामी केली जातात. दोन कॅमेऱ्यांचे मिळून 120 जीबी गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला 110 एमबीने गेले तर 18 मिनिटांत उतरतात. सकाळी इचलकरंजीला दुसरे लग्न असले तर कार्ड लगेच फॉर्मॅट होते. माहिती पुढे सरकवणारा मूव्हर मात्र पहाटे चालायचा असतो. मधल्या काही तासांत फाइल पूलच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये दिसते, फोल्डरवर दोन प्रतींची सेटिंगही असते, पण ते अख्खे लग्न एकाच एसएसडीवर असते. त्याच वेळी ती एसएसडी बंद पडली तर वधू-वरांना दाखवायला काहीच उरत नाही. लेखन-कॅश वापरायचीच तर एसएसडी दोन हव्यात आणि त्यांचेही मिररिंग हवे. त्यात पैसे वाचवणे म्हणजे दुसऱ्या हार्ड डिस्कवर केलेला खर्चही वाया घालवणे होय. एसएसडी एकच असेल, तर ती वाचनापुरती ठेवावी किंवा मूव्हर पूर्ण होईपर्यंत कार्ड पुसू नये.

एसएसडी गेल्यावर किती नुकसान होते, हे कॅश कोणत्या पातळीवर आहे त्यावर ठरते. अनरेड आणि ड्राइव्हपूल ही सॉफ्टवेअर अख्ख्या फाइली हलवतात. त्यामुळे न हललेल्या फाइली तेवढ्या जातात. बीकॅश ब्लॉकच्या, म्हणजे साठ्यातील छोट्या तुकड्यांच्या, पातळीवर चालते. लेखन साठवण्याच्या अवस्थेत त्याची एसएसडी गेली तर फाइल सिस्टिमचे ताजे तुकडेच हरवतात आणि सगळा साठा वाचता न येण्याची वेळ येऊ शकते. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रात) वाचन-लेखन कॅशला किमान दोन एसएसडी लागतात, त्यामागे हेच कारण आहे. झेडएफएस या फाइल सिस्टिमची रीत वेगळी आहे. त्यातील एल2आर्क ही फक्त वाचन-कॅश असते. स्लॉग म्हणून लावलेल्या एसएसडीला लेखन-कॅश समजण्याची चूक सर्रास होते; ती केवळ सिंक्रोनस लेखनाची, म्हणजे माहिती पक्की उतरल्याची खात्री मिळेपर्यंत थांबणाऱ्या लेखनाची, नोंद ठेवते. साध्या फाइल कॉपीला तिचा फायदा होत नाही. झेडएफएसमध्ये एल2आर्कच्या आधी रॅम वाढवणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

एप्रिल-मे महिन्यांत वळीव कोसळला की लाईट जाते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. घरगुती वापराच्या बऱ्याच एसएसडींमध्ये वीज गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करून देणारे कपॅसिटर नसतात. म्हणून यूपीएस हवा, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडलेली हवी. ती जोडलेली नसेल तर बॅटरी संपत आल्याचे नॅसला कळतच नाही.

कॅश घेण्याआधी नेटवर्क तपासावे. गिगाबिट जोडणीतून सेकंदाला 110 ते 118 एमबीच जातात आणि सलग लेखनात तेवढे साधी हार्ड डिस्कही देते. मोठ्या व्हिडिओ फाइलींचेच काम असेल तर आधी 2.5 गिगाबिटचा स्विच आणि नेटवर्क कार्ड घेणे बरे.

मिररला बॅकअप समजू नये. चुकून पुसलेली फाइल दोन्ही प्रतींतून एकदमच जाते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या वस्तीत शिरले होते. तळमजल्यावरच्या एकाच कॅबिनेटमधल्या दोन प्रती अशा पाण्यात बरोबरच बुडतात. तिसरी प्रत दुसऱ्या घरात असावी, जमल्यास दुसऱ्या गावी.

एसएसडीची झीज हा अनेकांच्या मनातला प्रश्न. 500 जीबीच्या सॅमसंग 870 इव्होला 300 टीबी लेखनाची हमी आहे. रोज 120 जीबी लिहिले तरी तिथवर पोहोचायला जवळपास सात वर्षे लागतात. क्यूएलसी (चिपच्या एकेका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या) प्रकारच्या एसएसडींत ही मर्यादा बरीच कमी असते आणि लांब चालणाऱ्या लेखनात वेगही घसरतो. मिररमधल्या दोन्ही एसएसडींवर सारखेच लेखन होत असल्याने एकाच दिवशी घेतलेली एकाच मॉडेलची जोडी जवळपास एकाच सुमाराला झिजते. त्यासाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या एसएसडी घ्याव्यात किंवा एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावावी.