डाउनहिल माउंटन बाइक रेसमधले मॅनर्स

डाउनहिल ही माउंटन बाइकिंगमधली एक रेस, डोंगराच्या वरून खाली, एकेकट्याने, घड्याळाविरुद्ध. ट्रॅक साधारण दीड ते साडेतीन किलोमीटरचा, वेळ दोन ते पाच मिनिटं, आणि मधे झाडांची मुळं, सुटे दगड, चिखल आणि उड्या. दोन्ही बाजूंना प्लास्टिकची टेप ताणलेली असते आणि टेपच्या पलीकडे हातभर अंतरावर पब्लिक. ना कुंपण ना स्टेडियम, म्हणजे रायडर आणि बघणारा यांच्यामध्ये फक्त ती टेप आणि लोकांची अक्कल एवढंच असतं. त्यामुळे कोणी कुठे उभं राहायचं, कधी ओरडायचं, कधी गप्प बसायचं, कोणाला वाट द्यायची याचे बरेच संकेत या खेळात तयार झालेत, काही जागतिक सायकलिंग संघटनेच्या म्हणजे यूसीआयच्या नियमात आहेत आणि बरेचसे कुठेच लिहिलेले नाहीत, बाजूचा माणूस ओरडला की कळतात. थोडक्यात, आवाज हवा तेवढा करा पण टेपच्या आत बोटसुद्धा नको. बाकीचं बहुतेक सगळं यातूनच निघतं.

सुरुवात

या रेसचं मूळ कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर आहे. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये चार्ली केली आणि त्याच्या मित्रांनी तिथे रिपॅक नावाची रेस घेतली. जुन्या जाड टायरच्या सायकली, मागच्या चाकात पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक, आणि वरपासून खालपर्यंत उंचीतला फरक सुमारे ४०० मीटर. खाली पोचेपर्यंत ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि हब म्हणजे चाकाचा मधला भाग पुन्हा ग्रीसने पॅक करावा लागायचा, म्हणून रेसचं नाव रिपॅक. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही पुढे सायकल उद्योगात मोठी झालेली मंडळी याच उतारावरची. तेव्हाही एकेकाला अंतर ठेवूनच सोडायचे, सगळे एकदम नाही, आणि आजच्या शिस्तीचा पाया तोच आहे, की उतारावर त्या वेळापुरता ट्रॅक एकाच माणसाचा. पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप १९९० मध्ये कोलोराडोतल्या ड्युरँगोला झाली, डाउनहिलची वर्ल्ड कप मालिका १९९३ पासून सुरू झाली, आणि मग गर्दी वाढली तसे प्रेक्षकांसाठीचे संकेतही वाढत गेले.

टेप, शिट्टी आणि पब्लिक

बघायला जाणाऱ्यांसाठी सगळ्यात ओळखीचं ठिकाण म्हणजे स्कॉटलंडमधलं फोर्ट विल्यम. बेन नेव्हिसच्या शेजारच्या एनॉक मोर डोंगरावर ट्रॅक आहे, जवळजवळ २.८ किलोमीटर लांब आणि साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार, चांगल्या रायडरला साडेचार मिनिटांच्या आगेमागे लागतात. २००२ ते २०२४ मध्ये बहुतेक वर्षी तिथे वर्ल्ड कप झाला, २००७ आणि २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिपही तिथेच झाली. लोक गोंडोलाने म्हणजे तारेवरच्या डब्यात बसून वर जातात, मग ट्रॅकच्या कडेकडेने चालत खाली येतात, पाऊस असतोच, नसला तर मिज नावाची बारीक चावरी चिलटं असतात, आणि तरीही हजारो लोक चिखलात उभे असतात.

टेपवर रेलायचं नाही. हे फालतू वाटतं पण नीट बघा काय होतं ते. टेप छोट्या खुंट्यांना बांधलेली असते, पाच-सहा जण रेलले की खुंटी कलते, टेप ढिली पडते आणि वळणावर वीतभर आत किंवा बाहेर सरकते. रायडरने आदल्या दिवशी चालत येऊन ठरवलेलं असतं की या मुळाच्या डावीकडून चाक घालायचं, टेपला चिकटून. आता तिथे टेपच वेगळ्या जागी. दुसरं म्हणजे डाउनहिल सायकलचा हँडलबार जवळपास ८० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे चाक टेपपासून हातभर आत असलं तरी बारचं टोक टेपला घासून जातं, आणि तिथे कोणी फोन धरून वाकलेला असेल तर फोन, मनगट आणि रायडर तिघंही जातात. म्हणून अनुभवी प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पडणारा माणूस घसरत येणार, तिथे उभेच राहत नाहीत, जरा वर चढून उभे राहतात, फोटोही तिथूनच चांगला येतो. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत घाटाच्या कडेला पोरं जशी शेवटच्या क्षणापर्यंत आत डोकावतात तोच मोह इथेही असतो, फक्त इथे समोरून हेल्मेट घातलेला माणूस येतो.

मग शिट्टी. ट्रॅकवर ठरावीक अंतरावर मार्शल उभे असतात, रायडर दिसला की वरचा मार्शल शिट्टी मारतो, ती ऐकून खालचा, अशी शिट्टी रायडरच्या पुढे डोंगर उतरत येते. ती ऐकू आली की ट्रॅक रिकामा. पलीकडे जायचं असेल तर जिथे ओलांडायची जागा ठेवलीय तिथूनच, मार्शलला विचारून, वर बघत, आणि थांबून बूट साफ करत नाही, सरळ पलीकडे. यातून एक अलिखित नियम निघतो जो नवीन माणसाला माहीत नसतो: प्रेक्षकाने शिट्टी वाजवायची नाही. काउबेल म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा वाजवा, भोंगा वाजवा, पातेलं बडवा, शिट्टी मात्र मार्शलची. एअर हॉर्नबद्दल दोन मतं आहेत, माझ्या मते कोणाच्या कानाशी वाजवला नाही तर चालतो.

चेनसॉ हा वेगळाच प्रकार आहे. लाकूड कापायचं मशीन साखळी काढून आणतात आणि रायडर आला की सुरू करतात, जंगलभर तो घर्रर्र आवाज आणि पेट्रोलचा धूर. साखळी काढलेलीच पाहिजे, याला अपवाद नाही. कॅनडात या आवाजाला अजून एक अर्थ आहे, २०१३ चा वर्ल्ड कप एकूण गुणांवर जिंकलेला स्टीव्ह स्मिथ, त्याचं टोपणनावच चेनसॉ होतं, २०१६ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, त्यामुळे तिथे कोणी चेनसॉ सुरू केला तर तो नुसता दंगा म्हणून नसतो.

चिडवाचिडवीसुद्धा या खेळाचा भाग आहे. कॅनडातल्या व्हिसलरला क्रँकवर्क्स नावाचा माउंटन बाइकचा महोत्सव होतो, त्यातल्या कॅनेडियन ओपन या डाउनहिल रेसच्या ट्रॅकवर एक मोठा खडक आहे, त्याला हेकलर्स रॉकच म्हणतात, आणि तिथे लोक चित्रविचित्र कपडे घालून रायडरला चिडवायलाच जमतात. ब्रेक सोड की रे, घरी कोणी वाट बघतंय का, या लेव्हलचं. संकेत असा की टोमणा रायडिंगवर मारायचा, माणसाच्या अंगावर, देशावर, बाईमाणूस आहे म्हणून वगैरे नाही. लहान वयोगटातल्या मुलांना तर चिडवायचंच नाही, नुसतं ओरडून बळ द्यायचं. आणि पडलेल्याला कोणी हसत नाही, तो उठून सायकलवर बसला की विजेत्याएवढाच आवाज होतो. शेवटच्या नंबरवाल्यालाही तोच आवाज मिळतो, मला वाटतं या पब्लिकची सगळ्यात चांगली सवय हीच.

अजून एक म्हणजे कुत्रे. ब्रिटनमध्ये लोक सर्रास कुत्रा घेऊन येतात आणि पट्टा हातात घट्ट धरतात, कारण वेगाने जाणाऱ्या चाकामागे पळणं ही कुत्र्याची जातच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या शहरी डाउनहिलमध्ये, म्हणजे चिलीतल्या वाल्परायसोसारख्या ठिकाणी जिथे रेस पायऱ्या, गल्ल्या आणि लोकांच्या दारासमोरून जाते, तिथे गल्लीतली मोकाट कुत्री ही खरी डोकेदुखी, आणि घरातली माणसंच त्यांना धरून आत बसतात.

रायडरनी पाळायचं

रेसच्या आधी ट्रॅक वॉक असतो, म्हणजे सगळे रायडर ट्रॅक पायी बघतात. तिथे तासन्‌तास एकाच दगडापाशी उभं राहून चर्चा चालते. बघायचं, बोलायचं, पण दगड हलवायचा नाही, फांदी मोडायची नाही, टेप सरकवायची तर अजिबात नाही. स्वतःला सोयीची लाइन, म्हणजे चाक न्यायची वाट, करून घेणं ही या जगात चोरीच धरतात.

प्रॅक्टिसला सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण तेव्हा ट्रॅकवर एका वेळी बरेच जण असतात आणि वेग प्रत्येकाचा वेगळा. थांबायचं असेल तर टेपच्या बाहेर, सायकलसकट. एखादा अवघड भाग पुन्हा करायचा असेल तर सायकल ढकलत ट्रॅकबाहेरून वर जायचं, आणि परत आत शिरताना वर नजर टाकून कोणी येत नाही ना बघायचं, जसं गल्लीतून मेन रोडला येताना बघतो. आंधळ्या उडीच्या खाली उभं राहणं हा तर गुन्हाच आहे, वरच्याला तुम्ही दिसत नाही आणि हवेत ब्रेक लागत नाही. मागून जोरात कोणी आला तर तो ‘रायडर!’ म्हणून ओरडतो, पुढच्याने घाबरून तिथल्या तिथे वाकडं व्हायचं नाही, आपली लाइन धरून पुढच्या रुंद जागी बाजूला व्हायचं. मागच्यानेही तेवढा दम धरायचा, प्रॅक्टिस आहे, पदक नाही. यूसीआयच्या नियमातही हे आहे, की रायडरने खिलाडूपणे वागायचं आणि वेगवान रायडरला अडवायचं नाही, आणि रेसच्या रनमध्ये म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या फेरीतसुद्धा हे लागू आहे: मागचा येऊन गाठला म्हणजे तुमचा रन तसाही गेलेलाच आहे, त्याचा घालवू नका.

झेंडे दोन. प्रॅक्टिसमध्ये कोणी पडला की मार्शल पिवळा झेंडा हलवतो, म्हणजे वेग कमी करा. लाल म्हणजे लगेच थांबा, रेस चालू असली तरी. लाल झेंड्याने थांबलेल्या रायडरने खाली फिनिशला जाऊन अधिकाऱ्याकडे पुन्हा रन मागायचा असतो, मार्शलशी वाद घालायचा नाही, तो बिचारा बहुतेक वेळा बिनपगारी स्वयंसेवक असतो आणि सकाळपासून पावसात उभा असतो. स्वतःच्या चुकीने पडलात तर मात्र रीरन वगैरे काही नाही. २००८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला इटलीतल्या वाल दी सोलेमध्ये ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता आणि अगदी खालच्या वळणावर घसरला, उठून खाली आला तरी तिसरा, सोनं गी अ‍ॅथर्टनला. ट्रॅकमधून बाहेर फेकला गेलात तर जिथून बाहेर गेलात तिथूनच आत यायचं, दोन खुंट्या पुढून नाही. कोणी बघितलं नाही असं वाटतं, पण टेपच्या कडेला उभ्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो.

कपड्यांचाही नियम आहे. फुल फेस हेल्मेट ट्रॅकवर कायम डोक्यावर, प्रॅक्टिसलासुद्धा. आणि घट्ट लायक्राचा सूट चालत नाही. त्याने वारा कमी लागतो आणि वेळ वाचतो हे सगळ्यांना माहितीय, पण ढगळ जर्सी आणि पँट ही या खेळाची ओळख, ती घालवायची नाही म्हणून बंदी आली, आता हे मॅनर्समध्ये धरायचं की फॅशनमध्ये ते ज्याने त्याने ठरवावं. नंबरप्लेट कापायची किंवा दुमडायची नाही, हाही लेखी नियमच.

वर स्टार्टच्या झोपडीत वातावरण एकदम वेगळं. खाली जत्रा आणि इथे कोणी मोठ्याने बोलत नाही, रायडर रोलरवर सायकल जागच्या जागी चालवत पाय गरम करत असतो, कानात हेडफोन, मेकॅनिक टायरची हवा परत परत दाबून बघतो. त्या वेळी ऑल द बेस्ट म्हणायला, फोटो मागायला जायचं नाही. गप्पा मारायच्या तर खाली टीमच्या तंबूपाशी, तिथे हे लोक आश्चर्य वाटेल इतके मोकळे असतात, वर्ल्ड चॅम्पियनसुद्धा चहाचा कप हातात धरून उभा राहून बोलतो.

फिनिशला हॉट सीट असते, सध्या पहिला असलेला रायडर तिथे बसून पुढच्यांची वाट बघतो. कमी रँकवाले आधी येतात, तगडे शेवटी, त्यामुळे खुर्चीवरचा माणूस बदलत जातो. ज्याची वेळ मोडली तो उठतो, नव्याला मिठी मारतो किंवा हात मिळवतो आणि जागा देतो, तोंड वाकडं न करता. हे कुठेही लिहिलेलं नाही पण न करणारा लोकांच्या लक्षात राहतो.

कोणी पडला तर

रायडर उठला नाही तर प्रेक्षकाने धावत जाऊन त्याला उचलायचं नाही, हेल्मेट तर अजिबात काढायचं नाही, मानेला इजा असू शकते. पहिलं काम वरच्या मार्शलला हाक मारायची, म्हणजे लाल झेंडा निघेल आणि मागचा रायडर थांबेल. मग डॉक्टरांसाठी जागा मोकळी करायची. गंभीर पडझडीचा व्हिडिओ घरच्यांना कळायच्या आधी टाकू नये, हा संकेत अलीकडचा आहे आणि अजून सगळे पाळतात असं नाही.

हे सगळं जिथे लागू होत नाही अशीही रेस आहे. फ्रान्समधल्या आल्प द्युएझची मेगाअ‍ॅव्हलाँश, ३३०० मीटरवरच्या पिक ब्लांकच्या बर्फावरून शेकडो जण एकदम सुटतात आणि खाली खोऱ्यापर्यंत उतरतात. तिथे पहिल्या काही मिनिटांत बर्फावर सायकली एकमेकांत अडकतात, कोपर लागतं, कोणी कोणाच्या अंगावरून जातं, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. पुढे पायवाट अरुंद झाली की मात्र मागचा फ्रेंचमध्ये डावीकडून की उजवीकडून ते ओरडून सांगतो आणि पुढच्याने त्या बाजूची वाट सोडायची असते, त्यामुळे जाणाऱ्याने ‘आ गोश’ म्हणजे डावीकडून आणि ‘आ द्रुआत’ म्हणजे उजवीकडून एवढं तरी पाठ करून जावं.