बफी समर्स आणि अत्याचाराचे चित्रण

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेची नायिका बफी समर्स हिच्यावर होणाऱ्या अत्याचारांचे चित्रण हा या नोंदीचा विषय आहे. त्यातही भर आहे तो ७ मे २००२ रोजी प्रसारित झालेल्या ‘सीइंग रेड’ या भागातील बलात्काराच्या प्रयत्नाच्या प्रसंगावर. व्हॅम्पायरना, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चांना, रोज रात्री लोळवणारी मुलगी स्वतःच्या घरातल्या न्हाणीघरात एका ओळखीच्या पुरुषापुढे हतबल होते. मालिकेने हे कसे दाखवले आणि नंतरच्या कथेत तिच्या वाट्याला किती जागा ठेवली, यावर प्रेक्षक आणि अभ्यासक आजही वाद घालतात.

मालिका १० मार्च १९९७ रोजी डब्ल्यूबी वाहिनीवर सुरू झाली. पहिली पाच पर्वे तिथे आणि शेवटची दोन यूपीएन वाहिनीवर दाखवली गेली. २० मे २००३ रोजी ती संपली तेव्हा १४४ भाग झाले होते. जन्मदाते जॉस व्हीडन यांची मूळ कल्पना साधी होती: भयपटात अंधाऱ्या गल्लीत शिरणारी सोनेरी केसांची नाजूक मुलगी हमखास मारली जाते, इथे तीच मुलगी गल्लीतल्या राक्षसाला मारील. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावात घडणाऱ्या या कथेत प्रत्येक पिढीत एका मुलीला ‘स्लेअर’ची अमानवी ताकद मिळते. बफीची भूमिका सारा मिशेल गेलर यांनी केली.

मुलगी बळी जात नाही, या पायावर उभ्या राहिलेल्या मालिकेत ती बळी गेलीच तर काय करायचे, हा प्रश्न पहिल्या पर्वापासून डोकावत राहिला. ‘द पॅक’ या भागात तरसाच्या आत्म्याने झपाटलेला तिचा मित्र झँडर तिच्या अंगावर जातो. ती त्याला आडवा करते. झपाटणे उतरल्यावर तो काहीच आठवत नसल्याचा बहाणा करतो आणि विषय हसण्यावारी जातो. ‘रेप्टाइल बॉय’मध्ये महाविद्यालयीन मुले तिच्या पेयात गुंगीचे औषध घालतात. ‘गो फिश’मध्ये गाडीत लगट करणाऱ्या जलतरणपटूचे नाक ती फोडते, आणि उपदेशाचे डोस मात्र तिलाच पाजले जातात. या साऱ्या प्रसंगांत हल्ला आणि सुटका एकाच तासात उरकते. ताकद आहे, म्हणून जखम उरत नाही, असा मालिकेचा त्या काळातला हिशेब होता.

तिसऱ्या पर्वातला ‘हेल्पलेस’ हा भाग (१९ जानेवारी १९९९) या हिशेबाला अपवाद ठरला. माझ्या मते या विषयावर मालिकेने केलेले हे सर्वांत प्रामाणिक काम आहे. स्लेअरवर देखरेख ठेवणाऱ्या ‘वॉचर्स कौन्सिल’ची एक जुनी प्रथा असते: मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला न सांगता औषध देऊन तिची शक्ती काढून घ्यायची, मग एका व्हॅम्पायरसोबत कोंडायचे आणि ती केवळ बुद्धीच्या बळावर वाचते का ते पाहायचे. इंजेक्शन देणारा माणूस असतो रुपर्ट जाइल्स, तिचा शिक्षक, तिला वडिलांच्या जागी असलेला. तो तिला एका स्फटिकाकडे टक लावून बघायला सांगतो आणि तिची शुद्ध हरपली की सुई टोचतो. काही दिवसांतच रस्त्यावरचे टवाळखोर तिला उद्देशून काहीबाही बोलतात आणि कधी नव्हे ती बफी मान खाली घालून झपझप पुढे निघून जाते. ते दृश्य जेमतेम काही सेकंदांचे आहे, पण पृथ्वीवरच्या बहुतेक बायका रोज जशा चालतात तशी ती तेव्हा पहिल्यांदा चालते. पुढे ती व्हॅम्पायरच्या पाण्यात पवित्र जल मिसळून त्याला संपवते. मात्र भाग लक्षात राहतो तो तिने जाइल्सकडे ज्या नजरेने पाहिले त्यामुळे. फसवणूक करणाऱ्याचे नाव, त्याने वापरलेले साधन आणि त्यामागची संस्था, सगळे इथे स्पष्ट आहे, आणि कॅमेरा शेवटपर्यंत तिच्याजवळ थांबतो.

‘सीइंग रेड’ समजून घ्यायला सहावे पर्व सुरुवातीपासून पाहावे लागते. पाचव्या पर्वाच्या अखेरीस बफी मरते. मित्रमैत्रिणी तिला जादूने परत आणतात. नरकातून सोडवल्याच्या समजुतीत त्यांनी तिला स्वर्गातून ओढून आणलेले असते. ती उठते ती शवपेटीत, आणि माती उकरत स्वतःच बाहेर येते. पुढचे सगळे पर्व या बधिरपणाचे आहे: आई गेलेली, धाकटी बहीण डॉन सांभाळायची, घराची बिले, बर्गरच्या दुकानातली नोकरी. स्पाइक या व्हॅम्पायरशी तिचे शरीरसंबंध सुरू होतात ते याच काळात. जेम्स मार्स्टर्स यांनी रंगवलेल्या या पात्राच्या मेंदूत चौथ्या पर्वात लष्करी प्रयोगशाळेने एक चिप बसवलेली असते, त्यामुळे त्याला माणसांना इजा करता येत नाही. मेलेल्यातून परतलेल्या बफीवर मात्र ती चिप काम करत नाही, हे त्याला ‘स्मॅश्ड’मध्ये (२० नोव्हेंबर २००१) कळते आणि त्याच भागाच्या शेवटी संबंध सुरू होतो. ज्या एकमेव माणसाला तो दुखवू शकतो तीच त्याला जवळ करते, ही गोष्ट कथेत अगदी उघडपणे ठेवलेली आहे.

हे नाते दोन्ही बाजूंनी हिंसक आहे. ‘डेड थिंग्ज’मध्ये (५ फेब्रुवारी २००२) बफी स्पाइकला पोलीस ठाण्याजवळच्या गल्लीत चेहरा सुजेपर्यंत मारते. नंतर टारा या मैत्रिणीपाशी तिचा बांध फुटतो आणि मला क्षमा करू नकोस, असे ती विनवते. याच भागात वॉरन नावाचा तरुण एका यंत्राने पूर्वीच्या प्रेयसीची, कतरिनाची, इच्छाशक्तीच काढून घेतो. भानावर आल्यावर ती त्याच्या साथीदारांसमोर ‘हा बलात्कार आहे’ असे तोंडावर सांगते, तेव्हा आतापर्यंत याला खेळ समजणाऱ्या पोरांचे चेहरे उतरतात. पुढे वॉरन तिला ठार मारतो. वॉरनमध्ये कसलीही अमानवी शक्ती नाही, तो गावातलाच हुशार मुलगा आहे. लेखकांनी कतरिनाच्या तोंडी तो शब्द घातला त्या अर्थी काय लिहीत आहोत याची त्यांना पुरती जाण होती, आणि म्हणूनच तीन महिन्यांनी आलेल्या प्रसंगाला भाबडेपणाची सबब लागू होत नाही.

‘सीइंग रेड’चे लेखन स्टीव्हन डिनाइट यांचे, दिग्दर्शन मायकल गर्शमन यांचे. तोवर बफीने नाते तोडलेले असते. त्या रात्री स्मशानात लढताना थडग्याच्या दगडावर आपटून तिची पाठ दुखावते. ती आंघोळीची तयारी करत असताना स्पाइक माफी मागायला येतो आणि तू माझ्यावर प्रेम करतेसच, हे तिच्याकडून वदवून घेऊ लागतो. ती नाही म्हणते, पुन्हा पुन्हा म्हणते, विनवते. तो थांबत नाही. पांढऱ्या फरशांवर उघडावाघडा प्रकाश आहे, पार्श्वसंगीत नाही. इतर भागांत मारामारीला लागणारा ताल आणि झोकदार कोन यांतले काहीच इथे नाही. फक्त धडपड, पडदा ओढला जाण्याचा आवाज आणि तिचा रडवेला स्वर. शेवटी ती त्याला लाथेने भिरकावते. आपण असे करायला नको होते, असे काहीसे तो पुटपुटू लागतो, तेव्हा ती त्याला सुनावते की तू थांबला नाहीस, मी थांबवले.

या प्रसंगाचे चित्रण मला योग्य वाटते. पाहणाऱ्याला त्यात कसलेही सुख मिळत नाही, आणि अनोळखी राक्षसापेक्षा ओळखीच्या माणसाचा धोका मोठा असतो हे वास्तव त्यात आहे. खटकते ती पाठीची दुखापत. ती नसती तर बफी का गोठली, याचे उत्तर मालिकेला द्यावे लागले असते. ते उत्तर अवघड नव्हते: सहा महिने स्वतःचा तिरस्कार करत जगणारी, ज्याला जवळ येऊ दिले त्याच्याकडूनच घाव सोसणारी व्यक्ती कितीही बलवान असली तरी गोठू शकते. तिला आधी शरीराने अधू करून लेखकांनी जुन्याच समजुतीला दुजोरा दिला, की अंगात बळ असलेल्या बाईवर बळजबरी होऊच शकत नाही. प्रेक्षकांतही मग वादाला तेच वळण लागले: ती त्याला आधीच का भिरकावू शकली नाही?

या कल्पनेच्या मुळाबद्दल मार्स्टर्स यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे. लेखनकक्षातल्या एका लेखिकेने आपली आठवण सांगितली होती: संबंध तोडलेल्या प्रियकरावर तिने स्वतःला लादू पाहिले होते. बफी शक्तिमान असल्याने स्त्रीपुरुषांच्या भूमिका उलटवता येतील, असे लेखकांना वाटले. मार्स्टर्स यांच्या मते पडद्यावर ते तसे उतरत नाही, कारण प्रेक्षक स्वतःला बफीच्या जागी ठेवून पाहतो. आपल्या कारकिर्दीतला तो अत्यंत त्रासदायक दिवस होता, असेही ते सांगतात. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. पुरुषाने नको असलेल्या प्रेयसीला दूर सारणे आणि बाईने न्हाणीघराच्या फरशीवर पुरुषाला दूर लोटणे यांतली भीती सारखी नसते, मग ती बाई जगातली सर्वांत बलवान का असेना.

त्यानंतर काय होते, हा वादाचा खरा गाभा. झँडरला आधी जिन्याच्या कठड्यावर स्पाइकचा चामडी कोट दिसतो आणि मग न्हाणीघराच्या फरशीवर बसलेली बफी. त्याच तासाच्या शेवटी वॉरन अंगणात येऊन बफीवर गोळ्या झाडतो. एक गोळी वरच्या खिडकीतून जाऊन टाराचा जीव घेते. टाराची भूमिका करणाऱ्या अँबर बेन्सन यांचे नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत पहिल्यांदा झळकले ते नेमके याच भागात, आणि दूरचित्रवाणीवरच्या मोजक्या समलिंगी जोडप्यांपैकी एक, टारा आणि तिची जादूगार प्रेयसी विलो यांचे, असे संपवले म्हणून झालेल्या संतापात न्हाणीघराची चर्चा काही काळ मागे पडली. पुढच्या भागात विलो जादूने बफीच्या शरीरातली गोळी काढते, जखम भरते आणि सूडाला निघते. पर्वाचे उरलेले भाग विलोचे आहेत. डॉनला घडलेली गोष्ट कळते ती झँडरकडून. सांगायची का, कधी, कोणत्या शब्दांत, हे ठरवण्याची संधी बफीला मिळतच नाही.

स्पाइकला मात्र प्रवास मिळतो. तो आफ्रिकेत जातो, जीवघेण्या परीक्षा देतो आणि २१ मे २००२ रोजी प्रसारित झालेल्या ‘ग्रेव्ह’च्या अखेरच्या क्षणी, व्हॅम्पायर होताना गमावलेला आत्मा परत मिळवतो. सातव्या पर्वात अपराधगंडाने भ्रमिष्ट झालेला स्पाइक चर्चमध्ये क्रुसाला कवटाळून स्वतःला भाजून घेतो. हे दृश्य मालिकेतल्या उत्तम अभिनयाच्या नमुन्यांत गणले जाते. बफीच्या आघातासाठी मात्र काही क्षण आहेत: त्याचा स्पर्श होताच दचकून मागे सरणे, आणि बहिणीला पुन्हा हात लावलास तर झोपेतून जळत उठशील, ही डॉनने त्याला दिलेली धमकी. मग ती त्याला तळघरात आसरा देते, तू बदललास यावर माझा विश्वास आहे असे सांगते, आणि तिच्या पडत्या काळात तोच तिला रात्रभर धरून बसतो. क्षमा करण्याचा हक्क तिचा आहे. पण क्षमेपर्यंत ती कशी पोचली, तो रस्ता पडद्यावर फारसा येत नाही.

सातव्या पर्वाने एक मोलाची गोष्ट केली ती दुसरीकडे. ‘गेट इट डन’मध्ये (१८ फेब्रुवारी २००३) कळते की पहिली स्लेअर कशी घडली: प्राचीन काळी काही पुरुषांनी एका मुलीला साखळदंडाने जखडून तिच्या शरीरात पिशाच्चाची शक्ती घुसवली. ते बफीलाही साखळ्यांत बांधतात आणि आणखी शक्ती देऊ करतात. ती साखळ्या तोडते. म्हणजे जिच्या बळाचे सहा वर्षे कौतुक झाले, त्या बळाच्या मुळाशीच एका मुलीवरची जबरदस्ती होती. अखेरच्या भागात बफी ती शक्ती जगभरच्या, स्लेअर होऊ शकणाऱ्या मुलींमध्ये वाटते. त्या मुलींनाही आधी कुणी विचारत नाही, हा अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे. या मालिकेवर ‘स्लेएज’ हे स्वतंत्र अभ्यासपत्र २००१ पासून निघू लागले आणि असे अनेक वाद त्यात सविस्तर झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मालिकेतल्या अभिनेत्री करिस्मा कार्पेंटर यांनी व्हीडन यांच्यावर चित्रीकरणाच्या काळात सत्तेचा गैरवापर केल्याचा जाहीर आरोप केला. गेलर आणि बेन्सन यांनी तिला पाठिंबा दिला. व्हीडन यांनी पुढल्या वर्षीच्या मुलाखतीत काही आरोप नाकारले. त्यानंतर अनेकांनी मालिका नव्या नजरेने पुन्हा पाहिली.

नंतरच्या व्हॅम्पायर मालिकांनी हा पेच आपापल्या परीने हाताळला. ‘द व्हॅम्पायर डायरीज’च्या पहिल्या पर्वात (२००९) डेमन हा व्हॅम्पायर कॅरोलाइनच्या मनाचा ताबा घेऊन तिला वापरतो. ती स्वतः व्हॅम्पायर झाल्यावर तिला सारे आठवते आणि ती त्याला धक्क्याने दूर फेकते. पुढे दोघे मित्रांसारखे वावरतात. एचबीओच्या ‘ट्रू ब्लड’मध्ये २०१० च्या तिसऱ्या पर्वात टारा थॉर्न्टन या फटकळ, कुणाला न जुमानणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणीला फ्रँकलिन मॉट हा व्हॅम्पायर पळवून नेतो, बांधून ठेवतो, तिच्यावर अत्याचार करतो. ती त्याच्या कलाने घेत वेळ काढते आणि तो झोपेत असताना त्याचे डोके ठेचून निसटते. मग ती बलात्कारातून वाचलेल्या बायकांच्या बैठकीला जाते, आरशासमोर केस कापते, गाव सोडते. जे बफीला मिळाले नाही ते तिला काही भागांपुरते मिळाले. पाचव्या पर्वात तिच्या इच्छेविरुद्ध तिला व्हॅम्पायर बनवले गेले. २२ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या शेवटच्या पर्वाच्या पहिल्या काही मिनिटांतच ती मारली गेली. तिचा मृत्यू पडद्यावर दाखवलेला नाही. दिसते ती फक्त रक्तामांसाने माखलेली, टाहो फोडणारी तिची आई.