बॅलास्ट पाण्याचं सर्टिफिकेट: कागद कुठे अडतो?

चाळीसगावात समुद्र नाही, पण बोटीवर गेलेली पोरं आहेत. कुणी चीफ मेट, कुणी कंपनीच्या ऑफिसात. तपासणीत अडकले की अपरात्री फोन येतो, "भाऊ, आते काय करू?" म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

बोटीचा तोल राखायला एका बंदरात टाकीत भरलेलं पाणी, म्हणजे बॅलास्ट, दुसऱ्या बंदरात सोडलं की त्यातले जीव तिथे घर करतात. नदीभर पसरलेली जलपर्णी पाहिलेल्या माणसाला यापुढे सांगायला नको. याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार 8 सप्टेंबर 2017 पासून लागू आहे. त्याखाली येणाऱ्या, 400 ग्रॉस टनेज (बोटीच्या आतल्या एकूण जागेचं माप) आणि त्यावरच्या बोटीला हे सर्टिफिकेट लागतं. अर्ज कंपनी करते, फ्लॅगकडे (बोट ज्या देशात नोंदलेली त्याच्या प्रशासनाकडे) किंवा त्याने नेमलेल्या क्लासकडे (बोटी तपासणाऱ्या संस्थेकडे). फॉर्म, फी, सर्व्हेची वेळ ठरवणं हे नेहमीचंच.

अडतो तो मंजूर बॅलास्ट प्लॅन, म्हणजे हे पाणी कसं भरायचं-सोडायचं याचा आराखडा. तो त्याच बोटीचा हवा. जोडबोटीचा (त्याच नमुन्यावर बांधलेल्या दुसऱ्या बोटीचा) प्लॅन घेऊन नाव बदललेलं सर्व्हेयरला लगेच कळतं, कारण पंप आणि टाक्यांचे आकडे जुळत नाहीत. शुद्धीकरण यंत्र 1 जून 2022 नंतर बसवलं असेल तर चालू करतानाच्या चाचणीचा अहवालही हवा. तो मात्र फाइलमध्ये कधीच सापडत नाही!

आता तारखा. सर्टिफिकेट जास्तीत जास्त पाच वर्षांचं. वार्षिक सर्व्हेला ठरलेल्या तारखेच्या तीन महिने आधी ते तीन महिने नंतर अशी मुभा आहे. ही मुभा नूतनीकरणालाही आहे असं समजून भलेभले फसतात. नूतनीकरणाला "नंतर" नाही. मुदत संपायच्या आत सर्व्हे उरकायचा. शेवटच्या तीन महिन्यांत केलात तर नवी मुदत जुन्या तारखेपासूनच धरतात, दिवस वाया जात नाहीत. तरी लोक थांबून राहतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि 8 सप्टेंबर 2024 ही शेवटची मुदत उलटून गेलीय. "खोल समुद्रात पाणी बदललं" एवढ्यावर आता भागत नाही. सोडलेल्या पाण्यात 50 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला 10 पेक्षा कमी हवेत.

रेकॉर्ड बुकाचा, म्हणजे बॅलास्ट पाण्याच्या नोंदवहीचा, नमुना 1 फेब्रुवारी 2025 पासून बदलला. जुन्या वहीत रेघा ओढून काम भागवू नका. यंत्र बंद पडलं तर तसं लिहा, त्यासाठी वेगळं संकेताक्षर आहे. बिघाडाची नोंद असलेली वही चालते. यंत्राच्या लॉगमध्ये बिघाड आणि वहीत सगळं ठीक, हे चालत नाही. नोंदीखाली अधिकाऱ्याची सही, पान भरलं की कॅप्टनची. शेवटच्या नोंदीपासून वही दोन वर्षं बोटीवर आणि पुढची तीन वर्षं कंपनीकडे ठेवायची. दोन वर्षं झाली म्हणून रद्दीत घालू नका.